देवाच्या तावडीतल्या पोटऱ्या

घाट म्हणजे गुरांनी पाडलेली पायवाट होती आणि गाडी कुणी पाहिली नव्हती, त्या काळातली ही गोष्ट. कुणाच्या तरी पणजीनं आपल्या पणजीकडून ऐकलेली. तेव्हा साल विचारू नका. ऊन किती होतं ते विचारा, तेवढं सांगता येईल.

डोणवली गाव डोंगराच्या पायथ्याशी आणि डोंगराच्या माथ्यावर कड्योबाचं ठाणं. कड्योबा म्हणजे शेंदूर फासलेला धोंडा, त्याला चांदीचे दोन डोळे बसवलेले. चैत्री पुनवेला खालच्या डोहातलं पाणी कावडीनं वर न्यायचं आणि देवाला अंघोळ घालायची, ही गावाची रीत. कावड पळत न्यायची. मध्ये थांबायचं नाही आणि घागरी भुईला टेकवायच्या नाहीत. टेकल्या तर त्या साली पाऊस रुसला म्हणून समजायचं.

इथवर ठीक होतं. पण माणसाला देव पुरत नाही, त्याला नेमही लागतात. दरवर्षी एका घराची पाळी यायची. त्या घरच्या कावड्यानं आधीचे आठ दिवस गावातल्या देवळात मांडी घालून बसायचं. भुईला पाय लावायचा नाही. परसाकडला जायचं तर दोघांनी उचलून न्यायचं. आठही दिवस अळणी जेवायचं. का, तर फार पूर्वी समुद्र डोंगराच्या पायापर्यंत चढून आला होता आणि कड्योबानं त्याला लाथ मारून मागं हाकलला होता. तेव्हापासून देवाला मीठ चालत नाही, असं म्हणतात. आणि पुनवेच्या दिवशी तर पाण्याचा थेंब नाही. आधी देव पिणार, मग माणूस. देव उठतो दुपारी, म्हणून कावड निघायची ती ऊन डोक्यावर आल्यावर.

आता तुम्हीच बघा. एखाद्या बैलाला आठ दिवस दाव्याला बांधून ठेवला, मिठाचा खडा दाखवला नाही, पाणी दाखवलं नाही आणि भर दुपारी ओझं लादून चढणीला पळवला, तर लोक मालकाच्या तोंडात शेण घालतील. पण माणसाचं तसं केलं की त्याला व्रत म्हणतात.

तर व्हायचं काय, की दोन सालांत एकदा तरी कावड्या तिसऱ्या वळणावर कोसळायचा. त्या वळणाला उभं वळण म्हणत. पोटरीत असा गोळा यायचा की गडी ओरडत भुईवर. मग गाव म्हणायचं, देवानं पाय धरला. देव उगाच कशाला धरील? याच्या पोटात पाप असणार. देवाचा हात पोटरीवर असताना मध्ये दुसऱ्यानं हात घालायचा नाही, नाहीतर तो हात झडेल. भोवती उभं राहायचं आणि विचारायचं, बोल, काय लपवलंस. तो बोलायचा. का नाही बोलणार? एकानं तर शेजाऱ्याचा रेडा विष घालून मारला म्हणून कबूल केलं. रेडा तेव्हा गोठ्यात रवंथ करत होता. तरी सगळ्यांनी माना डोलावल्या. काडीची अक्कल नाही, पण मान मात्र सगळ्यांची एका वेळी हलते.

या गावात कोंडाबाय लग्न होऊन आली ती खाडीकडून, खारपट्ट्यातून. तिचं माहेर मिठागरावरचं. खाऱ्या पाण्यात उभं राहायचं, मीठ ओढायचं, पाट्या डोक्यावर घेऊन बांधावरून धावत जायचं, हे तिथल्या बायांचं काम. म्हणून डोणवलीत तिला खारीण म्हणत. रंगानं काळी, हातांनी दणकट आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. ती चिडली की चुलीतला विस्तव आपोआप फुलायचा, असं म्हणतात.

पहिल्याच चैत्रात तिनं उभ्या वळणावर एक कावड्या पडलेला पाहिला. सगळे हात जोडून उभे, तो बिचारा कसायाच्या बोकडासारखा तडफडतोय. कोंडाबाय नवी नवरी, पण तिला हसू फुटलं. सासूला म्हणाली, "आत्याबाय, हा तर पेटका आहे. आमच्याकडं रोज कुणाला ना कुणाला येतो. बोटं ओढली की जातो."

सासूनं तिथल्या तिथं तिच्या तोंडावर चापट मारली. "देवाला हसतेस? पुन्हा हे तोंडातून काढलंस तर दात घशात घालीन."

नवी सून गप्प बसली. दुसऱ्या वर्षी गप्प बसली, तिसऱ्या वर्षी गप्प बसली. अकरा चैत्र ती मूग गिळून त्या वळणावर उभी राहिली. पडणारा आपल्या घरचा नाही ना, मग कशाला बोला. ही अकरा वर्षं तिनं पुढं स्वतःला कधी माफ केली नाहीत. गावावर ती चिडायचीच, पण सगळ्यात जास्त चिडायची ती त्या गप्प बसलेल्या कोंडाबायवर.

बाराव्या वर्षी पाळी आली तिच्या नवऱ्याची. सुभाना त्याचं नाव. मोठा गरीब माणूस. मुंगी ओलांडून जाणारा. आणि नेमकं त्याच साली देवाचा डावा डोळा नाहीसा झाला होता. पावसाळ्यात कधीतरी गेला, कुणी नेला ते कळलं नाही. देवाची राखण भागोजी गुरवाकडं. लोक भागोजीकडं तिरक्या नजरेनं बघायला लागले होते. त्याला चोर हवाच होता, आणि लवकर हवा होता.

सुभाना आठ दिवस बसला, अळणी जेवला, कोरड्या घशानं कावड घेऊन पळाला आणि उभ्या वळणावर पडला. एक घागर लवंडली. उजवी पोटरी दगडासारखी झाली होती, कातडीखाली घूस फिरावी तसा गोळा वर-खाली होत होता.

भागोजी पुढं झाला. "सुभाना, देवानं धरलं तुला. बोल."

"काय बोलू, दादा?"

"पोटात असेल ते."

"पोटात काय नाय माझ्या. पाय बघा हो कुणीतरी."

पायाकडं कुणी बघितलं नाही. सगळे त्याच्या तोंडाकडं बघत होते.

"डोळा तू नेलास?"

"नाय."

"डोळा तू नेलास?"

सुभानानं मूठभर माती धरली आणि ती दातांत चावली. बायकांच्या घोळक्यातून कोंडाबायनं पाय उचलला होता, पण सासूनं तिचा पदर असा गच्च धरला की तो टरकन फाटला.

"शेवटचं विचारतो. देवाचा डोळा तू नेलास?"

"नेला," सुभाना म्हणाला. "नेला, नेला. आता सोडा."

आणि तेवढ्यात गोळा सुटला. पेटका येतो तसा जातो. चार श्वास आधी नाहीतर चार श्वास नंतर. पण लोकांना काय, ताळा जमला. बघा, कबूल केलं आणि देवानं सोडलं. आपली आई मेल्यावर जितके गंभीर झाले नसतील तितके सगळे गंभीर झाले.

गावकी बसली. घर वाळीत. विहिरीवर पाणी नाही, कुणाच्या चुलीतला विस्तव नाही, कुणी बोलायचं नाही. पुढल्या चैत्री पुनवेला कावड पुन्हा याच घराची. देवानं सोडलं तर घर शुद्ध झालं. पुन्हा धरलं तर चूलबोळकी उचलायची आणि डोणवलीच्या शिवेबाहेर चालतं व्हायचं. मागं वळून बघायचं नाही.

कोंडाबायला वाळीत पडण्याचं काही वाटलं नाही. ओढ्याचं पाणी गोड होतं आणि तिच्याशी बोलणारं आधीही फार कुणी नव्हतं. तिची तळपायाची आग मस्तकात गेली ती वेगळ्याच गोष्टीनं. सुभाना घरात डोळा शोधायला लागला. छपराच्या पेंढ्यात हात घालून बघे, कणगीत बघे, चुलीची राख चाळणीनं चाळून बघे.

"काय शोधताय?" तिनं विचारलं.

"मी झोपेत उठून गेलो असेन का गो?" तो म्हणाला. "इतकी माणसं म्हणतात. आणि मी स्वतःच्या तोंडानं बोललो. मग कुठंतरी असेलच ना."

ती तडक उठली. अंगणात गेली आणि मुसळ उचलून उखळात घातलं. तीन घावांत दगडाचं उखळ दुभंगलं. त्याचे दोन तुकडे पुष्कळ वर्षं तिथं पडून होते, असं म्हणतात. चोराला चोर म्हणून पकडलं तर समजू शकतं. पण चांगल्या माणसाला आपण चोर आहोत असं वाटायला लावायचं, हे कुठल्या देवाच्या पोथीत लिहिलंय?

घरात धाकटा दीर होता, मालू. बावीस-तेवीस वर्षांचा, अंगानं काटक, तोंडानं आगाऊ. पुढल्या सालची कावड त्याची, कारण सुभाना आता कावडीला हात लावायच्या लायकीचा राहिला नव्हता. दसरा झाला आणि कोंडाबायनं त्याला अंगणात उभं केलं.

"आजपासून घाट चढायचा."

"आजपासून? पुनव चैत्रात आहे, वैनी."

"म्हणूनच आजपासून. आठ दिवस बसून नवव्या दिवशी धावायला तू काय भिंगरी आहेस?"

मालूला वाटलं, वैनीला काय कळतं. पहिल्याच दिवशी तो शेखी मिरवत एका दमात माथ्यापर्यंत पळत गेला आणि पळत खाली आला. अंगणात येऊन उंबऱ्यावर बसतो न बसतो तोच पोटरीत गोळा. पडला आडवा. "वैनी, धरलं, देवानं धरलं," म्हणून बोंबलायला लागला.

कोंडाबाय हातातलं सूप न ठेवताच आली. "गुडघा वाकवू नको. सरळ कर. सरळ कर म्हणते ना, मुडद्या." तिनं एका हातानं त्याचा गुडघा दाबून धरला, दुसऱ्या हातानं पावलाची बोटं धरली आणि त्याच्या नडगीकडं हळूहळू रेटली. हिसका दिला नाही. नुसती रेटून धरली, जशी मिठागरात खाडीचं पाणी अडवणारी फळी भरतीत धरून ठेवतात तशी. पोटरी थरथरली, मग सैल पडली. मग तिनं तळहातानं खालून वर चोळून तिला ऊब दिली.

"गेला?"

"गेला," मालू म्हणाला. त्याला जरा वाईटच वाटलं होतं, इतक्या लवकर देव निघून गेला म्हणून.

"देवाचा हात असता तर माझ्या हातानं हलला असता का?"

"वैनी, तुझ्या हातानं देवच काय, देवाचा बापही हलेल."

"तोंड चालतं तसे पाय चालव."

त्या दिवसापासून तिनं त्याला घाण्याला जुंपल्यासारखं जुंपलं. आधी नुसता चालत पहिल्या वळणापर्यंत. मग दुसऱ्या. मग रिकामी कावड घेऊन, मग अर्ध्या घागरी, मग भरलेल्या. महिन्यात जेवढं ठरलं तेवढंच वाढवायचं, उतावीळपणा केला की शिव्या. निघण्याआधी आणि आल्यावर त्याला घराच्या भिंतीसमोर उभा करायची. दोन्ही तळवे भिंतीला, एक पाय पुढं वाकवलेला, एक मागं ताठ, मागच्या पायाची टाच भुईला घट्ट. पोटरी ताणली जाते हे कळेपर्यंत पुढं झुकायचं आणि मग तसंच थांबायचं. ती एकेका पायाला पंचवीस कांदे मोजायची. म्हणजे समोर टांगलेल्या कांद्यांच्या वेणीतले कांदे एकेक करून मोजायची, सावकाश. मालूची टाच उचलली की पुन्हा पहिल्या कांद्यापासून.

"वैनी, वेणीत कांदे कमी कर गो."

"टाच खाली."

आणि खाण्यापिण्याचं तर विचारूच नका. नाचणीची आंबील, त्यात ताक, त्यात मिठाचा खडा. घाट चढताना तुंब्यातून घोट घोट पाणी, तहान लागायची वाट बघायची नाही. त्याच्या पाठीवर घाम वाळून पांढरी नक्षी उमटली की ती बोट लावून जिभेवर ठेवायची आणि म्हणायची, "हा बघ अंगातला खार चालला बाहेर. मिठागरावर आमच्या चोळ्यांवर अशीच नक्षी यायची. ती आली की म्हातारी ओरडायची, चिमूट खा गो, पेज प्या गो, नाहीतर बांधावर पडाल. तिथं पोरीसोरींना कळतं. इथं अख्ख्या गावकीला कळत नाही."

माघापर्यंत मालू भरली कावड घेऊन माथ्यावर जाऊन यायला लागला आणि वर जाऊन शीळ घालायला लागला. पण पुनव जवळ आली तसं खरं संकट पुढं उभं राहिलं. ते आठ दिवस. बसणं, अळणी आणि कोरडा घसा. सगळी केलेली मेहनत देवळाच्या उंबऱ्याआड जाऊन कुजणार होती.

कोंडाबाय म्हणाली, "मी भाकरीत मीठ घालून पाठवीन. वरून कळणार नाही."

मालूनं मान हलवली. एरवी चेष्टा करणारा गडी, त्या दिवशी मात्र हसला नाही. "नको वैनी. चोरून खाल्लं तर मग खरंच काहीतरी लपवलेलं होईल. मी पडलो आणि त्यांनी विचारलं, तर माझ्या तोंडातून तेच निघेल. दादाच्या पोटात काही नव्हतं तरी निघालं."

पोराचं म्हणणं बरोबर होतं, म्हणून ती आणखीच चिडली.

मालू देवळात बसला. कोंडाबायला आत जायची बंदी, पण कुंपणाबाहेर उभं राहून ओरडायला बंदी करायचं कुणाला सुचलं नव्हतं. ती रोज उन्हाच्या आधी तिथं यायची आणि ओरडायची, "मालू, बोटं ओढ. घोटे फिरव. झोपलास का रे?" भागोजी गुरव बाहेर येऊन म्हणायचा, "खारणी, देवाच्या दारात कालवा करू नको." ती म्हणायची, "तुझ्याशी बोलत नाही, मी वाळीत आहे." गावातल्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या.

पुनव आली. ऊन असं होतं की डोहातले मासे तळाच्या चिखलात शिरले होते, असं म्हणतात. गाव सगळं उभ्या वळणावर चढून बसलं होतं. देवाआधी पाणी नको म्हणून तेही सगळे सकाळपासून उपाशी, कोरडे. पाटील, गावकीतली माणसं, म्हातारे, सगळे. उन्हात बसलेले आणि मालू पडायची वाट बघत असलेले.

मालू पहिलं वळण चढला, दुसरं चढला. सहा महिन्यांची मेहनत पायांत होती, म्हणून तो इतरांपेक्षा सरळ आला. उभं वळणही त्यानं निम्मं पार केलं. आणि मग त्याचं पाऊल अडखळलं. तोंड वेडंवाकडं झालं. डावी पोटरी धरली गेली. कावड एका बाजूला कलली.

कावड भुईला टेकणार, तेवढ्यात गर्दीतून एक खांदा तिच्याखाली आला. तो सुभाना होता. वर्षभर ज्यानं मान वर केली नव्हती, त्यानं भावाच्या खांद्यावरून कावड आपल्या खांद्यावर घेतली आणि उभा राहिला. एक थेंब सांडला नाही.

"चोरानं कावडीला हात लावला," कुणीतरी म्हणालं.

भागोजी मालूजवळ पोचला होता. "देवानं धरलं. बोल, काय ल..."

त्याला पुढं बोलता आलं नाही. कारण कोंडाबायनं त्याला कोपरानं बाजूला सारलं आणि मालूच्या पायाशी बसली.

"हात लावू नको," भागोजी ओरडला. "हात झडेल."

"झडू दे. दुसरा आहे." तिनं गुडघा सरळ केला, बोटं धरली, रेटली. मग मान वर करून माथ्याकडं बघितलं आणि ती देवाशी बोलली. गावाशी बोलली नाही. गावाशी ती वाळीत होती. "कड्योबा, ऐकतोस का? तुझ्या नावानं हे लोक बारा वर्षं माझ्यासमोर माणसं पिळतायत. तू खरंच धरत असशील तर धडधाकटाला धर. आठ दिवस मिठाविना बसवलेल्याला धरण्यात कसला आलाय देवपणा? आणि पापी हवा असेल तर मी आहे. मी मीठ खाते, खोटं बोलते, सासूला मनात शिव्या देते आणि अकरा वर्षं गप्प बसले. धर की माझा पाय. आणि माझा धरायचा नसेल, तर यांचे धर. एकदा यांना कळू दे."

असं म्हणतात, की तेव्हा वारा थांबला. मालूची पोटरी तिच्या हाताखाली सैल पडली. आणि त्याच क्षणी पलीकडं पाटील ओरडला.

पाटील पडला. मग गावकीतला पहिला पडला, दुसरा पडला. मग कातळावर बसलेले सगळेच एकामागून एक उतरंड कोसळावी तसे आडवे झाले. सगळ्यांनी आपापली पोटरी धरलेली. उठायला कुणाला येईना, बसायला येईना. डोंगरभर नुसती आई गं आणि अगं आई गं. उभे राहिले ते तिघंच: सुभाना, मालू आणि ती. लेकरांना आणि गुरांना काही झालं नाही, असंही म्हणतात.

कोंडाबायनं आधी मालूला कमरेला बांधून आणलेल्या तुंब्यातली आंबील पाजली, खारट, घोट घोट. घाई केली नाही. मग ती उठली आणि लोळणाऱ्या गावातून चालत गेली. पाटलापाशी थांबली.

"पाटील, देवानं धरलं तुम्हाला. बोला. डोळा तुम्ही नेलात?"

"मी? अगं बाई, पाय..."

"डोळा तुम्ही नेलात?"

"नेला, नेला. मीच नेला."

ती पुढच्याकडं गेली. "डोळा तू नेलास?" "हो माझे आई, मी नेला." त्याच्या पुढचा तिनं विचारायच्या आधीच म्हणाला, मी नेला. सासूपाशी आली. सासू म्हणाली, "मीच गो, मीच नेला, उकडून खाल्ला." अशी ती विचारत गेली आणि एकाच डोळ्याचे सतरा चोर निघाले. भागोजी गुरव अठरावा.

सुभाना कावड खांद्यावर घेऊन उभा होता. खाली ठेवता येत नव्हती, म्हणून जागचा हलला नाही. सगळं ऐकत होता. अठराव्यानंतर तो हळूच म्हणाला, "कोंडे."

त्यानं तिला कधी नावानं हाक मारली नव्हती. ती वळली.

"मग मी नाय ना गो नेला?"

असं म्हणतात, की कोंडाबायच्या डोळ्यांतून आयुष्यात एकदाच पाणी आलं, ते तेव्हा. "नाय हो," ती म्हणाली. "तुम्ही नाय नेला."

मग त्यानं कावड मालूच्या खांद्यावर दिली, आणि मालू निघाला. चालतच गेला, पळाला नाही. त्याला पळ म्हणायला खाली कुणी उभंच नव्हतं. देवाला अंघोळ झाली. त्या साली पाऊसही पडला, नेहमीसारखा, ना कमी ना जास्त.

खाली कोंडाबाय एकेकाच्या पायाशी बसत गेली. गुडघा सरळ, बोटं नडगीकडं, वरून शिव्यांचा पट्टा. "मेल्या, बारा वर्षं माना डोलावल्यास ना? हलव आता." ज्याला सोडवलं त्याला दोन घोट आंबील. शेवटी राहिला भागोजी. त्याच्यापाशी ती गेली की नाही, यावर दोन बाजू आहेत. काही म्हणतात, तिनं त्याचाही पाय सोडवला. काही म्हणतात, ती त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "तुझा तुझा सुटेल थोड्या वेळानं. माझ्या नवऱ्याचाही सुटला होता." ज्याला जी बाजू पटेल ती त्यानं घ्यावी.

दुसऱ्या दिवशी गावकी तिच्या अंगणात आली. नारळ घेऊन आली, वाळीची बंदी उठवली म्हणून सांगायला. कोंडाबाय दारात उभी राहिली. "तुम्ही उठवलीत," ती म्हणाली, "मी अजून उठवलेली नाही." आणि दार लावून घेतलं. शेवटपर्यंत ती गावच्या विहिरीचं पाणी प्यायली नाही. लोकांना वाटायचं, म्हातारपणी निवळेल. ती निवळली नाही. काही राग निवळायचे नसतात, त्यांच्यावरच पुढची माणसं जगतात.

दर पुनवेला मात्र ती आंबिलीचा हंडा घेऊन उभ्या वळणावर जायची. पुढं थकली. मरताना लोकांनी विचारलं, बाई, तुझी देवळी बांधू का वळणावर? तर म्हणाली, "मला शेंदूर फासलात तर एकेकाचा पाय धरीन." म्हणून तिथं देवळी नाही, धोंडा नाही, दिवा नाही.

पण रीत आहे. डोणवलीचा कावड्या आता दसऱ्यापासून घाट चढायला लागतो. देवळात कुणाला बसवत नाहीत, अळणी कुणी जेवत नाही. चैत्री पुनवेला उभ्या वळणावर गावातली सगळ्यात म्हातारी बाई खारट आंबील घेऊन उभी असते, आणि कावड्यानं तिथं थांबून प्यायचं असतं. पिता पिता तिच्या शिव्या खायच्या असतात. शिव्या खऱ्या लागतात. म्हातारी लाडानं बोलायला लागली तर कावड्या तुंबा परत करतो आणि म्हणतो, आजी, नीट दे. आणि कुणाच्या पोटरीत गोळा आलाच, तर कावड दुसरा कुणी खांद्यावर घेतो, म्हातारी बोटं ओढते आणि बाकीचे सगळे पाठ फिरवून दरीकडं बघत उभे राहतात. तो उठून चालायला लागेपर्यंत त्याला कुणी काहीही विचारायचं नाही. कसं वाटतंय, एवढंसुद्धा नाही.